वडिलांच्या नावावरची बंदूक: विक्री, वारसनोंद आणि कळवायचे नियम

कुळागर
नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गात आमची बाग आहे. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची १२ बोअरची सिंगल बार, म्हणजे एकनळी बंदूक होती. परवाना खूप जुना, पण प्रत्येक नूतनीकरण वेळेवर केलेलं. वडील चैत्रात गेले. बंदूक घरातच कपाटात कुलुपात आहे, थोडी काडतुसंही आहेत.

बाग धाकटा भाऊ बघतो आणि त्याला बंदूक ठेवायची आहे. बहिणीला ती घरात नको. वाडीतले एक काका घ्यायला तयार आहेत, त्यांचा स्वतःचा परवाना आहे. ते म्हणतात, "स्टँपपेपरवर लिहून दे, मी माझ्या परवान्यावर चढवून घेतो." मला हे पटत नाही. दुचाकी विकली आणि नाव बदललं नाही तरी माणूस गोत्यात येतो, इथे तर शस्त्र आहे. ही बंदूक रीतसर विकायची किंवा भावाच्या नावावर करायची तर कुठे, काय आणि किती दिवसांत कळवायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहावं. मला यात एकही नोंद सुटलेली नको आहे.

मीनल_प
काका कितीही चांगले असले तरी स्टँपपेपरवर बंदूक देऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच.

काळा_कोट
कुळागर, आधी वडील गेल्याबद्दल सहवेदना.

आता मुद्दा. शस्त्र अधिनियम १९५९ मधलं कलम ५ विक्री आणि हस्तांतराचं आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र परवानाधारक दुसऱ्या पात्र माणसाला विकू शकतो. त्याला दोन अटी आहेत. पहिली, जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: मी हे शस्त्र विकणार आहे, घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता हा. दुसरी, कळवल्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी शस्त्र हातातून जाता कामा नये. म्हणजे विकून मग कळवणं कायद्यात बसतच नाही. आधी कळवायचं, थांबायचं, मग विकायचं.

पण तुमच्या बाबतीत त्याच्याही अलीकडे एक पायरी आहे. परवाना वडिलांचा होता. ते गेल्यावर बंदूक बाळगण्याचा अधिकार घरात कुणाकडेच उरलेला नाही. जे तुम्ही कायदेशीरपणे बाळगतच नाही, ते कलम ५ खाली थेट विकणार कसं? इथे कलम २१ लागतं. बाळगणं बेकायदेशीर झालं की विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केल्याने मालकी जात नाही. ठरलेल्या मुदतीत वारस स्वतः पात्र झाला तर शस्त्र परत मिळतं, किंवा वारसाने सांगितल्यावर ते पात्र माणसाला विकून पैसे वारसाला मिळतात. मुदत उलटू दिली तर मात्र जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतात.

म्हणून आज रात्री भाऊ ठेवणार की काका घेणार हे ठरवत बसू नका. उद्या जमा करा. वाटाघाटी पावती हातात आल्यावर.

कुळागर
धन्यवाद. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे "वारसनोंद करून घे, मग बघू" म्हणत होते. पण जमा करायला घेऊन जाताना वाटेत कुणी अडवलं तर? परवाना तर वडिलांच्या नावाचा.

जुनी_फाईल
कुळागर, मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत बरीच वर्षं कारकून होतो. शस्त्र परवान्यांचं टेबल माझ्याकडे होतं. तुमच्या शंकेचं उत्तर सोपं आहे. आधी ठाण्यात फोन करा. ठाणे अंमलदाराला सांगा की वडील अमुक तारखेला वारले, शस्त्र जमा करायचं आहे. बऱ्याचदा ते माणूस पाठवतात किंवा पोलीस पाटलाला बरोबर घेऊन यायला सांगतात. मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना सोबत ठेवा. बंदूक रिकामी करून, आवरणात घालून न्या. काडतुसं वेगळी बांधा आणि मोजून न्या. काडतुसांची संख्या पावतीवर यायलाच हवी. लोक बंदुकीची पावती घेतात आणि काडतुसं विसरतात.

दुसरी गोष्ट नंबराची. घरून निघायच्या आधी बंदुकीवरचा नंबर स्वतः वाचा आणि परवान्यावरच्या नंबराशी ताडून बघा. जुन्या सिंगल बारवर नंबर नळीच्या बुडाशी असतो, कधी आतल्या लोखंडी भागावर पुन्हा कोरलेला असतो. वर्षानुवर्षं तेल आणि गंज बसून १ चा ७ दिसतो, ३ चा ८ दिसतो. आम्ही पांढरा खडू चोळायचो आणि वरून कापड फिरवायचो. कोरलेल्या रेघांत खडू अडकतो आणि आकडा स्पष्ट उठतो. परवान्यावर एक आकडा आणि बंदुकीवर दुसरा असं निघालं तर घाबरू नका, पण जमा करतानाच लेखी सांगा. नंतर निघालं तर ही बंदूक तीच का, यावर चौकशी होते आणि नंबर लिहिणारा माणूस तोवर निवृत्त झालेला असतो.

नंबर घासून काढण्याचा विचारही कुणी करू नये. कलम ८ प्रमाणे नंबर खोडलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असं गृहीत धरतात. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते.

शेतशिवार
सगळं बरोबर आहे, पण एक विचारतो. हे ४५ दिवस, हे अर्ज, ही पावती कुणासाठी? ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्यासाठीच ना? गावठी कट्टा विकणारा कुणाला ४५ दिवस आधी कळवतो? रानडुकरं रात्रीत एकराचं भुईमूग उलथून टाकतात. निवडणूक लागली की आमच्या बंदुका आधी जमा. त्या परत मिळेपर्यंत हंगाम गेलेला. मी कायदा मोडा म्हणत नाही. पण कागदाचा सगळा भार सरळ माणसावर आहे, हे कबूल करायला काय हरकत आहे?

नेमबाज
शेतशिवार, निवडणुकीबद्दलची तक्रार अगदी रास्त आहे. जमा करताना सगळ्यांना घाई, परत देताना कुणालाच नाही.

काळा_कोट
निवडणुकीच्या जमेबद्दल हे लक्षात ठेवा. सरसकट सगळ्या परवानाधारकांची शस्त्रं जमा करा असा नियम नाही. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती असते. कुणाकडून शस्त्र जमा करून घ्यायचं हे तिने ठरवायचं असतं: जामिनावर असलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, दंगलीत सापडलेले वगैरे. न्यायालयांनीही हेच सांगितलं आहे. नोटीस आली तर पीक उभं असल्याचं कारण देऊन, सातबारा जोडून, समितीकडे लेखी विनंती करता येते. तोंडी सांगून उपयोग नाही.

जुनी_फाईल
शेतशिवार, भार सरळ माणसावर आहे, मान्य. तरी मी टेबलाच्या पलीकडून जे पाहिलं ते सांगतो.

बंदुकीची नोंद तीन ठिकाणी असते. एक परवान्यावर, एक आमच्या परवाना नोंदवहीत, एक दुकानदाराच्या विक्री नोंदवहीत. दुकानदार विक्री झाली की परवान्याच्या मागच्या पानावर शस्त्राचं वर्णन, नंबर, तारीख लिहून सही करतो आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवतो. काडतुसं घेतली तरी परवान्यावर नोंद होते. तिन्ही ठिकाणचा नंबर जुळला तर ते शस्त्र आज कुणाच्या घरात आहे ते पाच मिनिटांत कळतं.

साखळी तुटते ती दुकानदाराकडे फारशी नाही. ती तुटते घरात. परवानाधारक जातो, मुलं मुंबईला, बंदूक माळ्यावर. कार्यालयाला मृत्यू कळत नाही. नूतनीकरणाची मुदत संपते, नोटीस बंद घराला चिकटते. दहा वर्षांनी घर पाडताना ती कुणाच्या तरी हाती लागते. अशी बंदूक एकदा बाहेर पडली की तिच्यात आणि गावठी कट्ट्यात काही फरक उरत नाही. उलट ती चांगली चालते. ४५ दिवसांची अट त्या घरासाठी आहे. ज्याला आपण बंदूक देतोय तो परवाना दाखवतोय तो खरा आहे का, रद्द झालाय का, त्याच्यावर गुन्हा आहे का, हे विकणाऱ्याला कळायचा दुसरा मार्ग नाही. पोलिसांना आहे. त्यांना तेवढे दिवस हवेत.

आता हे दिवस ते खरंच पडताळणीत घालवतात का, हा प्रश्न विचारा. तो मीही विचारतो. अर्ज आला, शिक्का मारला, ४५ दिवस टेबलावर पडला आणि गेला, असंही होतं. ते चुकीचं आहे आणि त्याबद्दल भांडायलाच हवं.

शेतशिवार
हे पटलं. पडताळणी होणार असेल तर ४५ काय, ६० दिवस थांबेन. नुसतं थांबवण्यासाठी थांबवू नका, एवढंच म्हणणं आहे.

सोनचाफा
जुनी_फाईल यांनी जे लिहिलं ते आमच्या घरात झालं आहे, म्हणून लिहिते.

माझ्या आत्याच्या यजमानांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. ते गेले तेव्हा आत्या पूर्ण खचली होती. पेन्शन, विमा, फ्लॅट यांचे कागद करता करता दोन वर्षं गेली. रिव्हॉल्व्हर तिने भीतीपोटी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून दिलं होतं. तिला वाटलं, यापेक्षा सुरक्षित काय असणार. नंतर माझ्या भावाच्या लक्षात आलं. लॉकरमध्ये शस्त्र ठेवायला बँकेच्या करारातच मनाई असते, आणि मुळात ते तिच्याकडे असणंच कायद्याला धरून नव्हतं.

आम्ही वकिलांच्या सल्ल्याने सगळी हकिकत लिहून शस्त्र ठाण्यात जमा केलं. तिथल्या अधिकारी बाई समजूतदार होत्या. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग शांतपणे जबाब घेतला. घरात दुसरं कुणी परवाना घेणार नव्हतं, म्हणून शस्त्रविक्रेत्यामार्फत ते विकलं. किंमत नगण्य आली. पण त्या दिवसापासून आत्याला झोप लागायला लागली.

घरात परवानाधारक असेल तर त्याच्या बायकोमुलांना हे नियम माहीत हवेत. परवाना कुठे आहे, चावी कुठे आहे, आपल्यामागे पहिल्यांदा कुणाला फोन करायचा, हे त्या माणसाने सांगून ठेवायला हवं. आमच्याकडे मृत्युपत्रात दागिन्यांची यादी होती आणि रिव्हॉल्व्हरचा उल्लेखही नव्हता.

भातखाचर
माका एक सांगा. आमच्या जुन्या घरात आज्याची ठासणीची बंदूक असा. नळी गंजान गेली, घोडो नाय. तिकापण परवानो लागता काय?

काळा_कोट
भातखाचर, कलम ४५ मध्ये अशा शस्त्रांना सूट आहे: जुन्या बनावटीची, पुरातन मूल्याची किंवा इतकी मोडकी की दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाहीत अशी. पण ती खरंच त्या वर्गात बसते का, हे तुम्ही आम्ही फोटो बघून ठरवायचं नाही. ठाण्यात लेखी कळवा, तपासून घ्या आणि तसं लेखी उत्तर घ्या. ठासणीच्या चालू बंदुकीला परवाना लागतोच. शेतीसंरक्षणासाठी कायद्यात तिचा वेगळा उल्लेख आहे, कलम १३ मध्ये.

भातखाचर
बरा. उद्याच पोलीस पाटलाक सांगतंय.

टेक्सासकर
वाचतोय आणि तुलना मनात येतेय, म्हणून लिहितो. मी ह्यूस्टनजवळ राहतो. इथे लोकांना वाटतं की अमेरिकेत काही नोंदच नाही. तसं नाही, पण नोंदीची रचनाच उलटी आहे.

इथे परवाना लागतो तो विक्रेत्याला. ग्राहक दुकानात गेला की ४४७३ नावाचा फॉर्म भरतो आणि दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत त्याची पार्श्वभूमी तपासतो. १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून आलेली ही यंत्रणा १९९८ पासून चालू आहे. तीन कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही तर केंद्रीय कायद्याने दुकानदार विक्री करू शकतो. ही पळवाट मला अजूनही भयंकर वाटते. आलेलं आणि गेलेलं प्रत्येक शस्त्र दुकानदाराच्या वहीत चढतं. एकाच माणसाने पाच सलग कामकाजी दिवसांत दोन किंवा जास्त पिस्तुलं वा रिव्हॉल्व्हर घेतली तर वेगळा अहवाल पाठवावा लागतो. दुकानातून शस्त्र चोरीला गेलं तर ४८ तासांत कळवायचं.

पण १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला शस्त्रमालकांची मध्यवर्ती नोंदवही करायला मनाई आहे. गुन्ह्यात बंदूक सापडली की तपास उत्पादकापासून सुरू होतो: कुठल्या घाऊक व्यापाऱ्याला, त्याने कुठल्या दुकानाला, दुकानाने कुणाला. दुकान बंद झालं असेल तर त्याच्या वह्या वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गच्या केंद्रात असतात. त्या वह्यांच्या स्कॅन केलेल्या प्रतिमांमध्ये नाव टाकून शोधता येत नाही, माणसं पानं चाळत बसतात. आणि पहिल्या गिऱ्हाइकाने ती पुढे शेजाऱ्याला विकली तर? टेक्सासमध्ये एकाच राज्यातल्या दोन खाजगी माणसांच्या व्यवहाराला पार्श्वभूमी तपासणीही लागत नाही, नोंदही लागत नाही. कॅलिफोर्नियात लागते. तो वाडीतल्या काकांचा स्टँपपेपर इथे चालला असता, किंबहुना स्टँपपेपरही लागला नसता. म्हणून मला भारतातले ४५ दिवस जाचक वाटत नाहीत.

नेमबाज
टेक्सासकर, उत्तम माहिती. पण भारतातली मध्यवर्ती नोंद फार जुनी आहे असं समजू नका. पूर्वी प्रत्येक जिल्ह्याची वही त्या जिल्ह्यातच राहायची. या जिल्ह्यात परवाना नाकारला की दुसऱ्या राज्यातून काढायचा, असे प्रकार चालायचे. शस्त्र परवान्यांचा राष्ट्रीय माहितीसंच आल्यावर प्रत्येक परवान्याला युआयएन, म्हणजे एक वेगळा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. शस्त्र नियम २०१६ मध्ये ती पद्धत पक्की झाली. क्रमांक घ्यायची मुदत सरकारने अनेकदा वाढवली, तरी कित्येकांनी घेतला नाही.

नोंद असूनही काय होऊ शकतं त्याचं उदाहरण म्हणजे जम्मू-काश्मीरचं परवाना प्रकरण. २०१७ मध्ये राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने ते बाहेर काढलं, पुढे तपास सीबीआयकडे गेला. २०१२ ते २०१६ या काळात तिथे २.७८ लाखांहून जास्त परवाने अपात्र लोकांना दिले गेल्याचा सीबीआयचा आरोप आहे. बरेचसे राज्याबाहेरच्या लोकांना. वह्या होत्या, शिक्के होते, सह्या होत्या. वही लिहिणाराच सामील असेल तर वहीचा काय उपयोग? म्हणून जिल्ह्यांच्या आणि दुकानांच्या वह्या एकमेकींशी आपोआप ताडल्या जायला हव्यात. माझा सगळा आग्रह तिथे आहे.

जुनी_फाईल
शंभर टक्के सहमत. आमच्या काळात दुकानदाराची सूचना टपालाने यायची आणि ती ताडून बघायला वेगळा माणूस नव्हता. मी जेवणाच्या सुट्टीनंतर तासभर तेच करायचो, कारण मला ते महत्त्वाचं वाटायचं. पण ती माझी आवड होती. कुणाच्या कामाच्या यादीत ते नव्हतं.

कुर्गवासी
मी मराठी, सासर कोडगूचं, म्हणजे कुर्गचं. तिथे कोडवा समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. कैलपोळ्द सणाला घरातल्या बंदुकीची पूजा होते. इथे लोकांचा गैरसमज असतो की सूट म्हणजे नोंदच नाही. सूट असली तरी सूटपत्र घ्यावं लागतं आणि बंदूक त्यावर चढते. माझे सासरे ते सूटपत्र घराच्या खातेपत्रकाइतकं जपतात.

मीनल_प
जरा विषयांतर. माझी मुलगी शाळेत एअर रायफल शिकते. तिला घरी सरावासाठी घ्यायची तर हे सगळं लागेल का?

नेमबाज
मीनल, स्पर्धेची १० मीटरची .१७७ एअर रायफल २० जूलच्या आत असते, तिला शस्त्र परवाना लागत नाही. पण बिल जपून ठेवा आणि प्रवासात क्लबचं पत्र सोबत असू द्या. २० जूलच्या वरच्या एअरगनला परवाना लागतो. ऑनलाइन "जास्त ताकदीची" म्हणून विकतात तिच्या मागे लागू नका. मुलीला शुभेच्छा, मनापासून!

शेतशिवार
मूळ प्रश्नाकडे येतो. कुळागर, काकांकडे आधीच एक बंदूक आहे ना? मग त्यांच्या परवान्यावर दुसरी बसते का ते बघितलंत का?

काळा_कोट
फार नेमका प्रश्न. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं, आधी तीन होती. तिसरं होतं त्यांना ते १३ डिसेंबर २०२० पर्यंत जमा करायचं होतं. वारसाने आलेल्या शस्त्रांनाही हीच दोनची मर्यादा आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली आणि विनापरवाना बाळगण्याची शिक्षाही वाढली.

म्हणजे काकांकडे एक असेल तर दुसरी घेता येईल, पण आपोआप नाही. "मी चढवून घेतो" असं परवानाधारक स्वतः करू शकत नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने दुसरं शस्त्र मंजूर करावं लागतं. ती मंजुरी त्यांच्या हातात आल्याशिवाय त्यांच्याशी व्यवहाराची बोलणीही पुढे नेऊ नका. अपात्र माणसाला शस्त्र देणं हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे, कलम २९.

जुनी_फाईल
आणि भावाने घ्यायची असेल तर शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ वाचा. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस अर्ज करू शकतो. इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रावर लागते, म्हणजे तुमची, बहिणीची आणि आई असतील तर त्यांचीही. भावाचं वय २१ च्या वर हवं, पोलीस अहवाल स्वच्छ हवा, वैद्यकीय दाखला हवा आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला हवा. शेतीसंरक्षणाचं कारण असेल तर सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे जोडा. वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज केला असेल तर त्याची प्रत फार कामाला येते.

इतर वाचकांसाठी एक. याच नियमात हयातीत हस्तांतराची सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो स्वतः वारस सुचवू शकतो. वडील स्वतः कार्यालयात येऊन सही करतात, नोंद एका दिवसासाठीही तुटत नाही. ज्यांचे वडील सत्तरीत आहेत त्यांनी या गणपतीला गावी गेल्यावर हे बोलून घ्यावं. सातबाऱ्यावर वारस चढवायला आपण जेवढी धावपळ करतो त्याच्या निम्मी तरी इथे करा.

आणि बंदूक भावाच्या नावावर झाली म्हणून डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं होत नाही. ती वनविभागाची वेगळी परवानगी आहे.

सोनचाफा
ही हयातीतल्या हस्तांतराची माहिती मला आज कळली. आमच्या ओळखीत तीन घरं आहेत ज्यांना हा धागा पाठवते आहे.

कुळागर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जमा केली. पोलीस पाटील बरोबर आले. ठाण्यातल्या हवालदारांनी नंबर वाचला, परवान्याशी जुळला. खडू मीच नेला होता, शेवटचा आकडा त्याशिवाय वाचता येत नव्हता. काडतुसं मोजून पावतीवर लिहून घेतली. काकांना आईने सांगितलं की मुलगा अर्ज करणार आहे, त्यांनी समजून घेतलं.

भाऊ अर्ज करतोय. बहीण ना हरकत द्यायला तयार आहे, पण तिची एक अट आहे: बंदुकीसाठी भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट आणि काडतुसं वेगळ्या कुलुपात. मला अट योग्य वाटते. एक विचारायचं राहिलं. ठाण्यात मुदत किती ते तोंडी सांगितलं, पावतीवर नाही. चालेल?

काळा_कोट
नाही चालणार. भावाच्या अर्जाची पोच घेऊन पुन्हा ठाण्यात जा आणि "परवान्याचा अर्ज प्रलंबित आहे, शस्त्र सरकारजमा करण्याची कार्यवाही करू नये" असं पत्र द्या. त्याची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. दोन्हीकडची पोच पावतीला जोडून ठेवा. परवाना नाकारला तर आदेश लेखी मागा, कारणासकट. विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

कुळागर
उद्याच जातो.

तळेगावकर
उशिरा येतोय. माझा परवाना साताऱ्याचा आहे आणि आता कायमचा पिंपरीत आलोय. शस्त्र सोबत आहे. विक्री नाही, हस्तांतर नाही, तरी कळवायचं का?

जुनी_फाईल
हो, कळवायचंच, आणि दोन्हीकडे. साताऱ्याला पत्ता बदलल्याचं पत्र, आणि पिंपरी चिंचवड आयुक्तालयाकडे परवाना आणि शस्त्र दाखवून नोंद. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त असतात, जिल्हाधिकारी नाही, तिथे बरेच जण चुकीच्या खिडकीवर उभे राहतात. तुमचा युआयएन परवान्यावर छापलेला आहे का ते आधी बघा. नसेल तर तो अर्ज पहिला.